रुक्मे, त्या दाण्याचं काय करायचं?

रुक्मे, तू गेलीस त्याच आठवड्यात कॉलेजात तुझी शोकसभा झाली. एकामागून एक माणसं उठली आणि तुला 'शांत', 'मितभाषी', 'मनमिळाऊ' म्हणून खाली बसली. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. ही नक्की कोणाबद्दल बोलतायत? इतक्या वर्षांत तू माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाहीस. मितभाषी म्हणे! मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठलेच नाही. जे बोलायचं होतं ते त्यांच्याशी नव्हतंच. ते तुझ्याशी होतं, आणि तुझ्याशी बोलायचं म्हणजे भांडायचं.

बाई, ही काय जायची वेळ होती? आपल्या शोधनिबंधावर नियतकालिकाच्या परीक्षकांचे प्रश्न येऊन पडलेत. बाकीचे सगळे किरकोळ आहेत, एकच खरा आहे. नेमका तोच प्रश्न मी तुला बोअरच्या दिवसापासून विचारत होते आणि तू हसण्यावारी नेत होतीस. आता उत्तर द्यायला मी एकटी. म्हणजे विचारणारीही मीच आणि सांगणारीही मीच. चिडू नको तर काय करू?

तो बोअरचा दिवस आठव. तुझ्या भावाच्या, बाबूरावांच्या शेतात पालमजवळ बोअरची गाडी आलेली. मी परभणीत तास घेत होते आणि तुझे फोनवर फोन. शेवटी वर्गाबाहेर येऊन उचलला, तर हॅलो नाही की काही नाही. "काळा सरला. गुलाबी लागलाय. निघ." एवढं बोलून तू फोन ठेवलास. ते ऐकून मी मुलांना काय सांगितलं हेसुद्धा मला आठवत नाही. मिळेल त्या एसटीत बसले आणि पालम येईपर्यंत पुढच्या सीटची दांडी धरून ताटकळत राहिले.

बाहेरच्या माणसाला यात एवढं काय ते कळणार नाही. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली काळा दगड, लाव्हा गोठून झालेला. लोकांना वाटतं, खाली पाताळापर्यंत तोच आहे. तो ज्याच्यावर पसरला ती मूळ जमीन पूर्वेला, नांदेडच्या बाजूला उघडी पडते. आपल्या पायाखाली ती कशी आहे, किती जुनी आहे, तिच्यावर काय काय गुजरलं, हे बघायचं कसं? काळा दगड फोडून कोण जाणार? आणि तुझ्या भावानं पाण्याच्या आशेनं मशीन खाली खाली नेलं, तर काळ्या चुऱ्याच्या जागी एकदम गुलाबी, चमचमणारा चुरा उडायला लागला. दाबून, भाजून रूप पालटलेला जुना खडक. ज्याच्यावर आपण दोघी वर्गात नुसतं बोलत आलो होतो, तो तुझ्या माहेरच्या शेतात स्वतःहून वर आला.

बाबूराव बिचारे वैतागलेले. "पानी लागलं का ते बघा की, आक्का. रंग काय बघायलाव?" म्हणत होते. तुझं लक्षच नव्हतं. तू पदर खोचून बोअरच्या तोंडाशी उकिडवी बसलेली आणि दोन्ही हातांनी गुलाबी चुरा पिशव्यांत भरत होतीस. मी वाकून बघितलं. चुऱ्याच्या ढिगाखालून पांढऱ्या रेघा डोकावत होत्या.

"रुक्मे, ही रांगोळी कशाची?"

"कमळ हाय. दिसंना का?"

"दगड कशाचा म्हणतेय मी!"

"दुकानातल्या पुड्याचा. आगं, रांगोळी हाय ती. चिमूटभर. खाली येवढा पहाड निघालाय आन् तू कमळ बघत बसलीस."

बोअर घ्यायच्या आधी जागा झाडायची, सडा टाकायचा, रांगोळी काढून हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि मग गाडीला हात लावू द्यायचा, ही तुमच्याकडची रीत. त्यात माहेरवाशिणीच्या हातची पूजा म्हणजे पाणी हमखास, असं तुझ्या भावाचं म्हणणं. तुला त्यानं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आणि तू भरल्या हातानं भलं मोठं कमळ काढून ठेवलंस. मुलांना 'नमुना घेताना हातातली अंगठीसुद्धा काढा' म्हणून ओरडणारी तू! नमुना घ्यायच्या नेमक्या जागेवर कुठल्या तरी दूर मुलखातला दगड दळून पसरणारी भूशास्त्राची बाई साऱ्या जगात तू एकटीच असशील. चिमूटभर म्हणे. त्या कमळाची एकेक पाकळी माझ्या पंज्याएवढी होती.

पुढचं सगळं काम तू जीव ओतून केलंस, ते मात्र मी कुणापुढेही कबूल करीन. आपल्या कॉलेजात ना जड-हलकं वेगळं करणारं हलतं टेबल, ना यंत्र. तू परातीत पाणी घेऊन चुरा घोळवत बसायचीस. हलकं पुढं वाहून जायचं, जड मागं राहायचं. तुझी मनगटं अशी फिरायची की परातीच्या कडेला शेवटी काळसर, बारीक एक रेघ तेवढी उरायची. मग लोहचुंबक फिरवायचं, मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकानं झिरकॉन या खनिजाचा एकेक दाणा उचलायचा. डोळे चुरचुरले की मला शिव्या द्यायचीस, जसं काही झिरकॉन मीच बारीक केलेत. मला ते जमायचं नाही. माझ्या हातून दाणा उडायचा आणि आपण दोघी जमिनीवर रांगत तो शोधायचो. तुझ्याइतका नेटका हात मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तू डोक्यावर बसली असतीस.

झिरकॉनवर तुझा जीव का, हे तू पहिल्या वर्षाच्या मुलांना किती छान सांगायचीस. खडक दबला, तापला, अर्धा वितळला तरी हा दाणा टिकून राहतो. तयार होताना तो युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र थारा देत नाही. पुढं युरेनियमचं ठरल्या चालीनं शिसं होत जातं. म्हणून दोन्हींचे समस्थानिक, म्हणजे आयसोटोप, मोजले की दाण्याचं वय कळतं. आणि खडक पुन्हा खोल गाडला जाऊन भाजला, की जुन्या दाण्याभोवती नवी कड चढते. गाभ्याचं वय वेगळं, कडेचं वेगळं. एका दाण्यात दोन आयुष्यं.

त्यावरूनही आपली जुंपायची. मी म्हणायची, गाभा महत्त्वाचा, तो जन्म सांगतो. तू हात झटकायचीस. "जलमली कुठं ते सोड. भाजली कुठं ते सांग." तुझं म्हणणं, जन्म काय कुणाचाही होतो, त्या खडकावर नंतर जे गुजरलं तेच त्याचं चरित्र. मग झिरकॉनमधल्याच हाफ्नियम या धातूच्या समस्थानिकांचे आकडे आले. गाभा खालून वर आलेल्या ताज्या शिलारसातून घडलेला, आणि कड मात्र बाहेरून काही न घेता जुन्याच खडकाच्या भाजण्यातून चढलेली, असं त्यातून दिसलं. म्हणजे खरी गोष्ट भाजण्याचीच होती, तुझं तंतोतंत खरं ठरलं. त्या दिवशी तू मला कॅन्टीनमध्ये भजी खाऊ घातलीस आणि प्रत्येक भज्यामागं एक टोमणा मारलास. तो दिवस मला फार हवासा वाटतो गं. हरण्यात एवढी मजा मला पुन्हा कधी आली नाही.

पण म्हातारीचं काय?

नाव तूच ठेवलंस. बोअरमधले बाकीचे दाणे लांबट, तपकिरी, टोकं मोडलेले. त्यात ही एकटी गोल, फिकट, टपोरी. लांबच्या प्रयोगशाळेत वय काढायच्या लेझरखाली ठेवली तर तिचा गाभा सगळ्यांहून कितीतरी जुना निघाला. तू प्रयोगशाळेतच टाळी वाजवलीस. तिचा फोटो मोबाइलवर लावलास. पालमच्या बसमध्ये तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरला दाखवून "ही आमच्या गावाखालची म्हातारी" म्हणून सांगितलंस, आणि त्यानं बिचाऱ्यानं हात जोडले. निबंधाचं नाव, पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, सगळीकडं तीच. या भागातला सगळ्यांत जुना दाणा आपल्या नावावर लागणार म्हणून तू हरखून गेली होतीस.

आणि मला त्या कमळाच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. सगळ्यांत वेगळा दाणा सगळ्यांत जुनाही निघतो, हे मला पचत नव्हतं. मी म्हटलं, त्याच दुकानातली रांगोळी आणू, तीही परातीत घोळवू, त्यात झिरकॉन निघतात का बघू, निघाले तर त्यांचं वय काढू. एवढंच. यात तुझा कुठला अपमान होता? पण तू उसळलीस.

"लेझरपुढं बसायला वर्साकाठी येक दिवस मिळतो. त्यात बोअरचे दाने मोजू का रांगोळी मोजू? लोक हसतील की."

"लोक नंतर हसण्यापेक्षा आधी हसू दे."

"खामखा संशय घेयलीस. तुला काय वाटतं, मला कळंना व्हय?"

"कळतं म्हणूनच विचारतेय. एका दाण्याचं काही नाही गं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

म्हातारीचं नाव घेऊन मी ती म्हण वापरली, याचा तुला असा राग आला की तू माझ्याशी आठवडाभर बोलली नाहीस. तुझ्या लेझरच्या दिवसाचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. इथून नमुन्यांच्या पेट्या उचलून इतक्या लांब जायचं, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत त्यांच्या सवडीनं बसायचं, आणि मिळालेला वेळ दुकानातल्या रांगोळीवर घालवायचा? मोठ्या शहरातल्यांना हे सोपं आहे. पण म्हणून संशय जातो का? तो तसाच राहिला, निबंध तसाच गेला, आणि परीक्षकानं बरोबर तिथंच बोट ठेवलं. एक दाणा इतरांहून इतका वेगळा कसा, नमुन्यात बाहेरचं काही मिसळलं नाही कशावरून?

आपलं शेवटचं बोलणं त्याच्यावरच झालं. मी पूर्णा जंक्शनवर गाडीची वाट बघत उभी होते, आईकडून परत येत होते. तू परीक्षकांचे प्रश्न वाचून फोन केला होतास.

"म्हातारी राहनार. तुला जे लिवायचं ते लिव."

"ती राहणार असेल तर माझं नाव काढ."

"काढते की. तुझ्या नावाबिगर बी ती म्हातारीच हाय."

फोन कट. मी रागानं परत लावला नाही. तूही लावला नाहीस. म्हटलं, सोमवारी कॉलेजात समोरासमोर बघून घेऊ. आणि रविवारी सकाळी बाबूरावांचा फोन आला की आक्का गेली, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मला रडू नंतर आलं, रुक्मे. पहिल्यांदा राग आला. भांडण अर्धं टाकून माणूस असं उठून जातं का?

तुझे दिवस माहेरीच, बाबूरावांनीच केले, म्हणून दहाव्याला मी पालमला गेले. तुझी भावजय, सत्यभामा वहिनी, मला बघून गळ्यात पडली. थोड्या वेळानं चहा झाला. उंबऱ्यापुढची जमीन नुसती सारवलेली होती, सुतक म्हणून रांगोळी नव्हती. मी त्या कोऱ्या जागेकडं बघत बसले आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायला लाज वाटते. मला तो रांगोळीचा डबा हवा होता. शेवटी धीर करून विचारलंच, बोअरच्या पूजेला काढली होती ती रांगोळी शिल्लक आहे का. वहिनींना वाटलं, तुझी आठवण म्हणून मागतेय. त्या उठून आत गेल्या आणि पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

"ह्योच डबा. तव्हापासून आक्काच्या हातची तळाला हाय. सरत आली की मी वरून नवा पुडा ओतते."

मला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. जुनी खाली, नवी वर. म्हणजे तळापासून चमच्यानं काढली तर तुझीच मिळायला हवी.

"वहिनी, हा डबा कधी हलवला का?"

"डबा हाय, ताई. हलनारच की."

तू तिथं असतीस तर हसून हसून लोळली असतीस. डोळ्यांतून पाणी येत असताना मला हसू फुटलं आणि वहिनीही हसायला लागल्या, कशाला ते न कळता. मग त्या म्हणाल्या, "घिऊन जा समदाच. आता सुतकात कोन काढायलंय?" मी डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले.

परातीत मीच घोळवलं. नवी परात आणली, तुझी नाही वापरली. माझी मनगटं तुझ्यासारखी फिरत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा घोळवलं. तुझं नाव सांगितल्यावर प्रयोगशाळेनं मधेच वेळ काढून दिला, त्यांना तुझ्याबद्दल वाईट वाटलं होतं. जी गोष्ट तू असताना मिळत नव्हती ती तू गेल्यावर मिळाली, याचाही मला राग येतो.

रांगोळीत झिरकॉन निघाले. तपकिरी, लांबट, मोडक्या टोकाचा एकही नाही. सगळे गोल, फिकट, टपोरे. आणि त्यातल्या काहींचा गाभा बरोबर म्हातारीच्या वयाचा.

ऐकलंस? बोअरचे ते बाकीचे दाणे तुझे आहेत, पालमच्या खालचे आहेत. तू म्हणत होतीस ती भाजणीही खरी आहे, ती कड खरी आहे. काळ्या दगडाखाली आपली जमीन एकदा खोल गाडली जाऊन भाजून निघाली होती, हे तुझंच काम, आणि ते आता कुणी हलवू शकत नाही. फक्त म्हातारी बहुतेक कमळातून आली.

बहुतेक. या शब्दावरून तू मला फाडून खाल्लं असतंस. मला तुझं सगळं म्हणणं पाठ आहे. डब्यात दोन पुडे, हललेले, मग जुळणारे दाणे माझ्या पुड्यातले कशावरून? जुन्या खडकात एखादा गोल, फिकट दाणा असूच शकत नाही, असं कोण म्हणतं? वय जुळलं म्हणजे गाव जुळलं का? तुझा प्रत्येक प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडं एकालाही पक्कं उत्तर नाही. तरीही संशय आलेला दाणा निबंधात ठेवता येत नाही, एवढं एकच माझं म्हणणं आहे, आणि तेही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असलं की आपण काय करायचो? चहा सांगायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचो. शेवटी एकजण दमायची आणि "बरं बाई" म्हणायची. मला ते "बरं बाई" हवंय, रुक्मे. तुझ्या तोंडून तरी नाहीतर माझ्या तोंडून तरी. तुझ्याशिवाय ते म्हणायचं कुणाला?

मी निबंध नव्यानं लिहिला. तुझं नाव पहिलं, माझं मागं. कमळाचं सगळं सविस्तर लिहिलं, पूजेसकट. शीर्षकातून, पहिल्या वाक्यातून, शेवटातून म्हातारी काढली. तुझ्या मोबाइलवरच्या फोटोतला तो दाणा आकड्यांच्या तक्त्यातूनही खोडला.

आज दुपारी वहिनींचा फोन आला. त्या दाण्यांचं काय झालं म्हणून त्यांनी आपणहून चौकशी केली. मी म्हटलं, रुक्मीचं खरं निघालं, तुमच्या शेताखाली तिनं सांगितलं तेच आहे. फक्त एक दाणा तिच्या रांगोळीतला असावा, तो मी काढून टाकला.

"कोनता? म्हातारी?"

"हो."

 वहिनींनी अगदी साधेपणानं विचारलं, "म्हंजी आक्काला न इचारताच काढली, ताई?"

मी फोन ठेवला. तेव्हापासून मी इथं टेबलापाशी बसून आहे. निबंध समोर आहे, सगळा तयार, म्हातारीशिवाय. तो असाच जाणं योग्य आहे हे मला माहीत आहे, आणि तू असतीस तर तो असा गेलाच नसता हेही माहीत आहे. तू गेल्यामुळं मी जिंकले, यापेक्षा घाणेरडं जिंकणं दुसरं नसेल.

उद्या कॉलेजात गेल्यावर पाठवणार आहे. तोवर काही बोलायचं असेल तर बोल, रुक्मे. मी मधे तोंड घालणार नाही.